प्रजासत्ताक दिनाला दिल्लीला जाताय?

२६ जानेवारीचं संचलन बघायचं तर नोव्हेंबरातच रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसचं आरक्षण करा. ते ६० दिवस आधी खुलं होतं. संचलनाची तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ पोर्टलवर जानेवारीच्या सुरुवातीला येतात आणि भराभर संपतात. तिकीट काढताना नोंदवलेलं मूळ ओळखपत्रच सोबत घ्या. खाऊची पिशवी, पॉवर बँक मुक्कामीच ठेवा, तपासणीत अडवतात.

थंडीचं मात्र मनावर घ्याच. आपल्या कोकणातल्या शालीवर तिथे भागत नाही. अंधारात निघून कर्तव्यपथावर तासन्‌तास बसायचं असतं. आईबाबा सोबत असतील तर कानटोपी, हातमोजे, दोन-दोन पायमोजे हवेतच. तिकीट हुकलं तर लाल किल्ल्यावरच्या ‘भारत पर्व’ महोत्सवात संचलनातले चित्ररथ अगदी जवळून बघता येतात.