दात किडलेला नाही, मग पू कसा? : त्रिमितीय प्रतिमा वाचायला शिकताना

बीडीएसच्या इंटर्नशिपला असलेल्या किंवा नुकतेच एमडीएसला लागलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहीत आहे, कारण दाताच्या घडणीतील विकृती पुस्तकात दोन-चार पानांत उरकतात आणि रुग्ण खुर्चीत बसला की मात्र आपल्याला काहीच सुचत नाही.

चोपडा तालुक्यातील एक आई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन जळगावला आली होती. वरच्या पटाशीच्या दुसऱ्या दाताशी हिरडीवर पुळी होती आणि दाबले की पू येई. "दात ते किडेल नही, मंग पू कसा येस?" असे तिने विचारले, आणि निदानाचा खरा प्रश्न तोच होता. थंड चाचणीला दाताने नीट प्रतिसाद दिला, म्हणजे नस जिवंत होती. आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, मुळात उतरलेली, थेंबासारखी एक पांढरी कड दिसत होती. हा डेन्स इनव्हॅजिनेटस, अर्थात दातातला दात. दात घडत असताना, तो कठीण होण्यापूर्वी, एनॅमल (दाताचे कठीण पांढरे आवरण) तयार करणारा थर आत दुमडतो आणि टाळूकडच्या बाजूला राहिलेल्या बारीक खड्ड्यातून जंतूंना आत वाट मिळते.

त्याच्या आदल्या वर्षी, शिकत असताना, अशाच एका दातात मी केवळ द्विमितीय चित्रावर विसंबून नेहमीसारखे रूट कॅनॉल केले होते. जिवंत नस काढली गेली, पू ज्या पोकळीतून येत होता ती तशीच राहिली, आणि दोन महिन्यांत पुळी पुन्हा उठली. त्या चुकीचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून या मुलीच्या वेळी आधी सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, सांगितला. त्याचे आडवे काप मी दाताच्या टोकाकडून मुळाकडे एकेक करून सरकवत पाहिले. मानेपाशी मधोमध एनॅमलचे पांढरे कडे आणि त्याच्या आत काळी पोकळी दिसली. नस त्या कड्याभोवती चंद्रकोरीसारखी दबून बसली होती. आणखी खाली, मुळाच्या मधल्या भागात, ते कडे एका बाजूला सरकत गेले आणि थेट मुळाच्या बाहेर उघडले. ओहलर्स यांनी १९५७ मध्ये केलेल्या वर्गीकरणातील हा तिसरा प्रकार होय. पहिल्या प्रकारात दुमड दाताच्या वरच्या भागातच थांबते, तर दुसऱ्यात ती मुळात उतरते पण बाहेर उघडत नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका कापात होते. मग मायक्रोस्कोपखाली फक्त ती पोकळी उघडली, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतली, काही आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध ठेवले आणि शेवटी एमटीए हे सिमेंट भरले. नसेला हात लावला नाही.

स्कॅन सांगताना चिठ्ठीवर केवळ "सीबीसीटी" असे लिहू नका. कोणता दात आणि कोणता प्रश्न, हे लिहा, आणि पाच बाय पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लहान क्षेत्र मागा. पूर्ण जबड्याच्या स्कॅनमध्ये किरणांची मात्रा वाढते आणि बारकावे सहसा कमी दिसतात, तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत हा आग्रह सोडू नये. अमेरिकेतील एंडोडॉन्टिक्स (नस व मुळांवरील उपचार) व दंत-रेडिओलॉजीच्या संघटनांनी २०१५ च्या संयुक्त निवेदनातही सरसकट तपासणीसाठी सीबीसीटी वापरू नये असेच म्हटले आहे. छापील फिल्मवर समाधान मानू नका, स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, म्हणजे डायकॉम फाइल, मागून घ्या. थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर सरावाला पुरते. अहवाल वाचण्यापूर्वी काप स्वतः पाहा, कारण रुग्णाच्या तोंडात काय आढळले ते अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

धडगाव-अक्कलकुव्याहून येणाऱ्या माणसाचा एका फेरीत अख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते, त्यामुळे थंड चाचणी, आरव्हीजी आणि स्कॅन एकाच दिवशी बसवा. मूल काही सेकंद हनुवटी टेकवून स्थिर बसू शकेल का, हेही आधी पाहा; हललेली प्रतिमा पुन्हा काढणे म्हणजे पुन्हा किरणे.

ही विकृती बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असते. त्या मुलीच्या दुसऱ्या बाजूच्या दातातही पहिल्या प्रकारची उथळ दुमड निघाली आणि त्या दुमडीचा खड्डा त्याच भेटीत कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) बंद केला.