बेवारस होत चाललेली साइट घेताय? आधी डोमेन, मग चहा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं वेळापत्रक टाकणारी नागपुरातल्या महालातल्या एका काकांची साइट आम्ही तिघांनी चालवायला घेतली नि वर्षभरात घालवली. दुसरी घ्यायच्या आधी हे लिहून ठेवतोय.

मालकाची परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'घे ना बे, तूच चालव' पुरत नाही, साइट ओस पडली म्हणून कॉपीराइट संपत नाही, लेखक गेल्यावरही आपल्याकडे 60 वर्षं चालतो. बॅकअप तर घ्यालच, फक्त डेटाबेससकट घ्या, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा सगळा मजकूर तिथंच असतो, नुसतं फोल्डर उतरवलं तर हाती फोटो आणि थीम.

आता डोमेन, म्हणजे साइटचं नाव नि पत्ता. होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते त्या जागेचा पासवर्ड मिळाला म्हणजे साइट आपली झाली असं आम्ही धरून चाललो. डोमेन निघालं दुसऱ्याच कंपनीकडे, काकांच्या जुन्या ईमेलवर, आणि त्या ईमेलचा ओटीपी ज्या नंबरवर जायचा ते सिम काका पुण्याला मुलाकडे गेल्यावर रिचार्जविना बंद. रिन्यूचे मेल येत राहिले, वाचणारं कोणी नाही. डॉट कॉम एका दिवसात जात नाही बरं का, रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, थोडी मुदत देतो, मग 30 दिवस रिडेम्प्शन म्हणजे दंड भरून सोडवा, मग 5 दिवस पेंडिंग डिलीट, आणि मग ज्याला गावलं त्याचं. एवढ्या वेळात आम्ही काय केलं, तर लोगो बदलला! दिवाळीत, ऐन सीझन सुरू होताना, झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाहून फोन आला, 'बाप्पा, तुमच्या साइटवर रमी काहून दिसून राहिली?'

म्हणून मालक समोर बसलेला असतानाच, चहा यायच्या आधी, रजिस्ट्रारचं लॉगिन उघडा. ईमेल बदला, नंबर बदला, ऑटो रिन्यूला आपलं कार्ड लावा. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करायचं तर ऑथ कोड, म्हणजे जुन्या रजिस्ट्रारकडून मिळणारा परवल लागतो, पण मालकाचं नाव बदललं की बरेचदा ट्रान्सफरवर 60 दिवस लॉक बसतो, तेव्हा मुदत जवळ असेल तर आधी रिन्यू, मग बाकीचं. आणि जुनं ईमेल जीमेलचं असेल तर 2 वर्षं न वापरलेलं खातं गूगल उडवू शकतं, आजच उघडायला लावा.

जुनी वेबपानं साठवणारं वेबॅक मशीन आहे की, असं कोणीतरी म्हणतंच. आहे, काकांची निम्मी पानं तिथंच सापडली, फोटो मात्र गेले. 2009 मध्ये याहूनं जिओसिटीज ही लोकांना फुकट साइट बनवू देणारी सेवा बंद केली तेव्हा ती पानं वाचवायला लोक धावले होते, आपल्या वडशाच्या वेळापत्रकासाठी कोण धावणार, स्वतः सेव्ह करा.

बाकी पटापट. अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, जुने प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, काढा, जुन्या लिंका मोडू नका, काकांचं नाव वर राहू द्या. चालवणं झेपत नसेल तर साधी एचटीएमएल पानं करून गोठवून ठेवा, खर्च कमी येतो. डोमेन तरीही रिन्यू करायचंच आहे. तारीख कॅलेंडरमध्ये टाकली का? नाही ना, टाका आधी.