पेप्टाइडची एमआयसी काढताय? या चुका टाळा

पेप्टाइड आलं, एमआयसी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी कॉन्सन्ट्रेशन) काढायला प्लेट लावली आणि सकाळी बघितलं तर सगळ्या वेल गढूळ, म्हणजे बॅक्टेरिया मजेत वाढलेले. मग लगेच "पेप्टाइडच बोगस आहे, कंपनीला मेल टाका". थांबा जरा! अँटिमायक्रोबियल पेप्टाइडला (बॅक्टेरिया मारणाऱ्या छोट्या प्रोटीनला) अँपिसिलिन या साध्या अँटिबायोटिकसारखं वागवलं की असंच होतं. इथे एलएल-३७ धरून सांगतो, कॅथेलिसिडिन या पेप्टाइडच्या घराण्यातलं माणसाकडे हे एकच आहे.

सगळ्यात मोठा घोळ प्लॅस्टिकचा. नेहमीची ९६ वेलची प्लेट पॉलिस्टायरीनची, आणि या पेप्टाइडवर निव्वळ +६ चार्ज, वर एक बाजू तेलकट, त्यामुळे ते जाऊन भिंतीला चिकटतं आणि कॉन्सन्ट्रेशन जितकं कमी तितका मोठा हिस्सा असा गायब होतो, म्हणजे नेमकी एमआयसीच्या आसपासच वाट लागते. पॉलिप्रॉपिलीनची प्लेट घ्या, ट्यूबही त्याच्याच. सिरियल डायल्यूशन ०.०१% अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि ०.२% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असलेल्या पाण्यात करा, दहापट स्ट्राँग, आणि मग वेलमध्ये घाला. काचेच्या व्हायलमध्ये पातळ स्टॉक भरून ठेवणं तर नकोच.

दुसरं म्हणजे वजन. लेबलवरचं "प्युरिटी ९५%" हे एचपीएलसीचं (रेणू वेगळे करून मोजायची पद्धत) असतं, पावडरमध्ये टीएफए (शुद्धीकरणातलं उरलेलं आम्ल) आणि पाणीही असतं ते त्यात धरलेलंच नसतं. सर्टिफिकेटवर नेट पेप्टाइड कंटेंट, म्हणजे पावडरमध्ये खरं पेप्टाइड किती, ते शोधा. आणि नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) २८० नॅनोमीटरला मोजू नका बरं का, एलएल-३७ मध्ये ना ट्रिप्टोफॅन ना टायरोसिन, तिथे दिसणार काय? साध्या पाण्यातल्या स्टॉकचं रीडिंग २०५ ला घ्या, तेही बीएसए घालायच्या आधी, नाहीतर बीएसएच मोजाल.

मीडिया बघा. कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटनमध्ये कॅल्शियम लिटरला २०-२५ मिलिग्रॅम असतं. ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या कवचातले एलपीएसचे (साखर जोडलेल्या चरबीचे) रेणू कॅल्शियम-मॅग्नेशियमनेच एकमेकांना धरून ठेवलेले असतात आणि पेप्टाइडला आधी त्यांनाच हटवून आत घुसायचं असतं, त्यामुळे मीडियात ते जास्त असले, मीठ जास्त असलं की मारा कमी पडतो. म्हणून काहीजण पातळ फॉस्फेट बफरमधला छान आकडा देऊन मोकळे होतात. ही पळवाट आहे, दोन्ही आकडे द्या.

बग निवडतानाही डोकं लावा. प्रोटियस हा बॅक्टेरिया घेऊन वर कंट्रोलला कोलिस्टिन हे अँटिबायोटिक ठेवलं तर काहीच कळणार नाही, प्रोटियस मुळातच त्याला दाद देत नाही. ई. कोलाय २५९२२ ही तुलनेची स्ट्रेन सोबत ठेवाच, इनॉक्युलम (सुरुवातीला घालायचे जिवंत बॅक्टेरिया) ५×१०^५ सीएफयू/मिली. स्टॅफ ऑरियसचा ऑरिओलायसिन हा एन्झाइम तर एलएल-३७ चे तुकडेच करतो.

हिमोलिसिसला (पेप्टाइड तांबड्या पेशी फोडतं का ते बघायला) आरबीसी, म्हणजे त्या तांबड्या पेशी, नीट धुवा, प्लाझ्मा राहिला की त्यातलं अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ पेप्टाइडला धरून ठेवतं आणि तुम्ही खूश होता की वा, टॉक्सिक नाही. १००% पेशी फुटल्याच्या कंट्रोलसाठी ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट.

हे सगळं करूनही एमआयसी वाईटच आली तर? पेप्टाइड फेकू नका. शरीरात ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या ग्रॅन्यूलमध्ये एचकॅप-१८ या लांब, न कापलेल्या रूपात बसलेलं असतं, बाहेर पडलं की प्रोटीनेज-३ हा एन्झाइम ते कापतो, आणि मग ते नुसतं बॅक्टेरिया मारत नाही, एलपीएसला पकडून मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींची आरडाओरड (सूज वाढवणारे सिग्नल) कमी करतं, एफपीआर-२ या रिसेप्टरवरून बाकीच्या पेशींना बोलावतं. तेव्हा एलपीएस दिलेल्या मॅक्रोफेजवर टीएनएफचा (त्यातलाच एक सिग्नल) एलायझा, म्हणजे तो मोजायची अँटिबॉडी टेस्ट, लावा, सोबत नुसत्या एलपीएसचा कंट्रोल ठेवा.