पीडीएफ पावतीत ‘शिंदे’ आणि ‘क्षीरसागर’ तुटत होते, तेव्हा

इंदूरमधील एका मराठी वाचनालयाच्या वर्गणीच्या पावत्या वेब अ‍ॅप्लिकेशनमधून काढताना पडद्यावर नावे अचूक दिसत, परंतु पीडीएफमध्ये ‘शिंदे’मधली वेलांटी ‘श’च्या पुढे जाई आणि ‘क्षीरसागर’मधल्या ‘क्ष’चे हलन्तासह दोन तुकडे होत. फॉन्ट बदलले, डेटाबेसचे यूटीएफ-८ एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) तपासले, दोन्ही निष्फळ. पावतीचे चित्र करून घातले, तर मजकूर शोधता येईना. सभासदांना हाताने दुरुस्त केलेल्या पावत्या देताना अक्षरशः लाज वाटली.

दोष एन्कोडिंगचा नव्हताच. पीडीएफ बनवणारी आमची जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, प्रत्येक युनिकोड चिन्हाला सरळ एकेक आकृती लावत होती. देवनागरीला लागणारी अक्षरजुळणी, म्हणजे शेपिंग, ती करतच नव्हती.

प्रथम सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट बसवून ‘एफसी-कॅश’ ही फॉन्टची नोंद ताजी करणारी आज्ञा चालवली आणि ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेने मिळणाऱ्या यादीमध्ये फॉन्टचे नाव आल्याची खात्री केली. नंतर पावतीच्या सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) तोच फॉन्ट नेमून, पान हेडलेस क्रोमियममध्ये, म्हणजे अक्षरजुळणी स्वतः करणाऱ्या आणि खिडकी न दाखवता चालणाऱ्या ब्राउझरमध्ये, उघडून, फॉन्ट पूर्ण लोड होईपर्यंत थांबून, मगच पीडीएफ काढली. हे थांबणे मी आधी वगळले होते. शेवटी सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमध्ये (फाइलसोबत जाणाऱ्या माहितीत) कंटेंट-टाइप, म्हणजे फाइलचा प्रकार, ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’ ठेवला आणि फाइलचे मराठी नाव टक्के-चिन्हांच्या यूटीएफ-८ रूपात दिले. फॉन्ट पीडीएफमध्येच अंतर्भूत होत असल्याने सभासदाच्या मोबाइलवर तो नसला तरी अडत नाही.