इंडक्शनसाठी दोन कानाचं भगुनं घेताय? आधी ते उलटं करून बघा

कॅसरोल म्हणलं की आपल्याकडं दुकानदार पोळ्या गरम ठेवायचा डबाच काढून समोर ठेवतो, त्यामुळं दुकानात हा शब्द वापरूच नका. आपल्याला पाहिजे ते म्हणजे सरळ काठाचं, पसरट, दोन्ही बाजूला कान असलेलं आणि वर झाकण नीट बसणारं भगुनं, ज्यात आमटी, मसालेभात, मटणाचा रस्सा असं निवांत शिजणारं काहीबी होतंय. ऑनलाइन शोधताना 'कॅसरोल पॅन' टाका, पण लातूरच्या गंजगोलाई बाजारात गेलात तर सरळ "इंडक्शनचं जाड बुडाचं भगुनं दाखवा, दोन कानाचं" म्हणा, लगेच कळतंय.

मी स्वतः दोनदा पैसे घालवून शिकले म्हणून एवढं सविस्तर लिहायलेय. घरात इंडक्शनची शेगडी आली तवा आमच्याकडं सगळी जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची भगुनी, एक सासूबाईंचं पितळी पातेलं आणि दोन-तीन पातळ स्टीलची. जर्मनचं ठेवलं की शेगडी टीं टीं करून बंद. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नवीनच खराब निघाली का काय?" खराब काही नव्हती. काचेखाली तांब्याच्या तारेची कॉइल असती, तिच्यातला करंट सेकंदाला वीस हजारापेक्षा जास्त वेळा उलटसुलट होतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं भांड्याच्या बुडात करंट फिरायला लागतो आणि बूडच तापतं. म्हणजे इथं जाळ नाहीच, भांडं हेच शेगडीचा अर्धा भाग आहे. हे व्हायला बूड लोखंडासारखं, चुंबक धरणारं लागतं. जर्मन, तांबं, पितळ कितीबी जाड आणि महाग असू द्या, आपल्याकडच्या साध्या घरगुती इंडक्शनवर ते चालत नाही.

म्हणून दुकानात जाताना खिशात चुंबक घेऊन जा. फ्रिजवरचं चालतंय, जुन्या स्पीकरमधलं असलं तर लईच भारी. भांडं उलटं करा आणि बुडाच्या मधोमध लावा, मग कडेला लावा. खट्टकन बसलं पाहिजे आणि ओढून काढायला जोर लागला पाहिजे. नुसतं रेंगाळत चिकटलं, हलवलं की घसरलं, असं असंल तर सोडून द्या. मला एका दुकानात सांगितलं होतं, "ताई, चुंबक नाही लागलं तरी चालतंय, हे एक नंबर स्टील आहे, १८/८." आता गंमत अशी की १८/८ हे खरंच चांगलं स्टील, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, गंज धरत नाही, पण त्या निकेलमुळंच ते चुंबकाला चिकटत नाही. कधीकधी वळवलेल्या कोपऱ्यावर थोडं चिकटतं आणि आपण फसतो. मी फसले. माल चांगला होता, पण माझ्या शेगडीच्या काही कामाचा नव्हता, आणि "वापरलेलं परत घेत नाही" म्हणून विषय संपला.

आता मापाबद्दल, कारण माझे दुसऱ्यांदा पैसे गेले ते इथं. पाहुणे आले की मोठं लागतंय म्हणून ऑनलाइन २८ सेंटिमीटरचं मागवलं. चुंबक चिकटलं, शेगडीनं टीं टीं केलं नाही, मी खूश. पहिल्याच दिवशी येसर आमटी टाकली. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ, पाण्यात कालवून घातलं तरी ते खाली बसायला बघतंच. दहा मिनिटांनी बघते तर मधे बुडबुडे उडायलेत, काठाला मात्र सगळं गप्प. पळी फिरवली तर खाली बरोब्बर बांगडीसारखा गोल काळा डाग. वास पूर्ण घरात.

कारण काय, तर साध्या प्लगवाल्या शेगडीतली कॉइल साधारण १८-२० सेंटिमीटरची असती, आणि ती बांगडीसारखी असल्यामुळं उष्णता पण गोलातच तयार होती. भांडं त्याच्यापेक्षा लई रुंद असलं की बाहेरचा भाग फक्त मधून जेवढी उष्णता सरकत येईल तेवढ्यावर तापणार, आणि स्टील ह्या बाबतीत एकदम आळशी आहे, ॲल्युमिनियमच्या मानानं दहा-पंधरा पट कमी उष्णता पुढं ढकलतं. काचेवर छापलेल्या गोलावर विश्वास ठेवू नका, कधीकधी ती नुसती डिझाइन असती, शेगडीच्या माहितीपुस्तकात बुडाचं कमीतकमी-जास्तीतजास्त माप दिलेलं असतं ते बघा. लई लहान बूड पण चालत नाही, साधारण १२ सेंटिमीटरच्या खाली बऱ्याच शेगड्या भांडं ओळखतच नाहीत.

अजून एक, ऑनलाइन लिहिलेलं माप तोंडाचं असतं, बुडाचं नाही. २२ लिहिलंय आणि बूड १८ निघतंय असं सर्रास होतं. बुडाचं माप दिलं नसलं तर प्रश्न विचारा, नाही सांगितलं तर दुसरं बघा.

लिटरचा हिशोब घरीच होतो. २० सेंटिमीटर रुंद आणि १० खोल म्हणजे काठोकाठ तीन लिटरच्या थोडं वर, २४ रुंद आणि ११ खोल म्हणजे जवळपास पाच लिटर. काठोकाठ कुणी भरत नाही, पाऊण धरा. चार-पाच माणसांच्या घराला २० किंवा २२ बास. २४ घ्यायचं तर बूड २० च्या आसपास आणि चांगलं जाड पाहिजे.

जाडीचं म्हणाल तर दोन प्रकार दिसतील. एकात भांडं साधं स्टीलचं आणि फक्त खाली जाड चकती बसवलेली असती, तिला सँडविच बॉटम म्हणतात. दुसरं ट्रायप्लाय, म्हणजे बुडापासून काठापर्यंत तीन थर, आत खायच्या बाजूला चांगलं स्टील, मधे ॲल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं स्टील. माझं मत विचाराल तर आमटी-रस्सा करायचा असंल तर ट्रायप्लाय, अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. सँडविच वाईट नाही, नुसतं वरण, भात, पाणी उकळणं ह्याला मस्त चालतं आणि स्वस्त पडतं, पण चकती बुडापेक्षा लहान असली तर चकती संपते तिथं कडेनं एक उघडी पट्टी राहती आणि मसाला नेमका तिथंच धरतो. जाडीचा अजून एक फायदा, स्वस्तातल्या शेगड्या मंद आचेवर खरं तर मंद चालत नाहीत, चालू-बंद चालू-बंद करतात, पातळ भांड्यात दूध एकदम फसफसतं आणि एकदम बसतं, जाड बूड मात्र ते झटके पोटात घेतं.

नॉनस्टिक किंवा हार्ड ॲनोडाइज्ड (वर कडक थर चढवलेलं ॲल्युमिनियम) भांड्याला खाली स्टीलची पत्री ठोकलेली असती, काहीला नुसत्या ठिपक्याठिपक्यांची. ठिपक्यांवर चुंबक लावून बघाच. बिडाचं भांडं इंडक्शनवर झकास चालतं पण वजन लई आणि चिंचेची आमटी त्यात काळी पडती, आणि काचेवर ते ओढायचं नाही, उचलूनच ठेवायचं. पितळी पातेल्याखाली ठेवायची लोखंडी चकती मिळती ती घेऊ नका, चकती भाजती, पातेलं कोमटच राहतं, आणि वीज गेलीच.

बूड सपाट आहे का ते बघायला स्टीलची पट्टी आडवी धरा. मधे केसभर आत गेलेलं चालतं, तापल्यावर बाहेर येतं, पण बाहेर फुगलेलं नको, ते काचेवर भिंगरीसारखं फिरतं. काचेखाली तापमान मोजायचा सेन्सर मधोमध असतो, त्याला बूड टेकलं नाही तर शेगडीचा अंदाज चुकतो.

कान रिबिटवाले घ्या, रुंद, कपडा धरून बोटं आत जातील असे. प्लास्टिकचे कान नको, कारण आपल्याकडं लाईट गेली की तेच भगुनं गॅसवर जाणार आहे आणि जाळ कानाला लागणार आहे. काचेच्या झाकणाला वाफ जायला भोक असावं. आयएसआयची खूण आणि स्टीलच्या भांड्यांचा आयएस १४७५६ नंबर दिसला तर चांगलंच.

लातूरला रूम करून नीटची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी वेगळं सांगते, तुम्हाला १६ सेंटिमीटरचं दीड-दोन लिटरचं बास, खिचडी, मॅगी, अंडी सगळं होतं. पण शेगडी २००० वॅटची असंल तर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढती, टेबलाजवळच्या लहान पिनच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला लावू नका, १६ अँपिअरवालं मोठं सॉकेट बघा. माझ्या भाच्याच्या रूमवर बोर्ड वितळून पिन आतच चिकटली होती.

धुण्याचं मी जरा जास्तच बघते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, तेव्हापासून करपलेलं भांडं बघितलं की मला आधी पाणीच दिसतं. घासायला दोन तांबे लागतात का अर्धी बादली, ह्यावर मी भांडं चांगलं का वाईट ठरवते. आत रिबिटाभोवती हळद-तेल बसतं, त्याला जुना टूथब्रश. बोअरच्या पाण्यानं पांढरा थर येतो, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर टाकून पाणी उकळा, निघतो. मीठ पाणी उकळल्यावरच टाका, गार पाण्यात तळाशी पडून राहिलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि रिकामं भांडं फुल पॉवरवर ठेवून फोन घ्यायला जायचं नाही, इंडक्शनवर मिनिटभरात लई तापतं, त्यावर गार पाणी ओतलं की बूड वाकलंच म्हणून समजा.

घरी आणल्यावर खोकं फेकायच्या आधी बोटभर पाणी टाकून तापवा. बुडबुडे जवळपास सगळीकडून आले तर ठेवा, मधल्या बांगडीतूनच आले तर परत पाठवा. तेवढं मी केलं असतं तर ते २८ वालं घरात राहिलंच नसतं. आता ते गॅसवर असतं, दिवाळीत चिवड्याला.