एप्रिलच्या बर्फात मनालीच्या वर केबिनमध्ये अडकलात? या चुका टाळा

पोरांच्या परीक्षा संपल्या की हिमाचलची तिकिटं काढायची, ही आपली जुनी सवय. हल्ली हॉटेल सोडून सेथन किंवा सिस्सूकडे लाकडी केबिन घेतात. तिथे एप्रिलमध्ये बर्फ लागला की पहिली चूक एकच असते: ‘हिवाळा संपलाय, दुपारपर्यंत वितळेल.’ भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वादळं, तेव्हाही सुरूच असतात. एक सरकला की मागोमाग दुसरा येऊ शकतो. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहा. नारिंगी किंवा लाल असेल तर वर चढूच नका. आधीच वर असाल तर दोन-तीन दिवसांचा शिधा जास्तीचा ठेवा.

हा बर्फ जानेवारीसारखा नसतो. थंडीतला ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतो, वसंतातला ओला बर्फ 200 ते 400. तारांवर फांद्या पडतात आणि वीज जाते ती त्यामुळेच. तेव्हा फोन आणि पॉवर बँक बर्फाची पहिली भुरभुर दिसताच भरून घ्या, आणि रात्री पांघरुणात ठेवा. गारठलेली बॅटरी भराभर उतरते.

आता सर्वांत महत्त्वाचं. वीज गेली, हीटर बंद पडला की खोलीत निखाऱ्यांची अंगीठी आणतात आणि दारं-खिडक्या घट्ट लावून झोपतात. हे कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि सगळे म्हणतात, ‘उंची लागली.’ खोलीतल्या सगळ्यांना एकदमच त्रास होतोय आणि बाहेर मोकळ्या हवेत बरं वाटतंय, तर दोष बहुधा उंचीचा नाही. सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढा, विस्तव बाहेर न्या आणि 112 ला फोन करा. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच. धुराडं असलेला लोखंडी तंदूर, म्हणजे खोली तापवायची तिकडची शेगडी, चालतो, पण धूर खोलीत परतायला लागला तर धुराड्याचं तोंड बर्फाने बुजलंय असं समजा. विस्तव विझवा, खिडकी उघडा, मालकाला बोलवा. स्वतः छपरावर चढायचं नाही.

ओली लाकडं घालू नका, नुसता धूर होतो. राख प्लास्टिकच्या बादलीत काढू नका, आत निखारा तासन्‌तास जिवंत असतो. पत्र्याच्या डब्यात पूर्ण गार झाली की तीच राख पायरीवर पसरा, पाय घसरत नाही.

गॅस मंद जळतोय म्हणजे सिलिंडर संपलाच असं नाही. त्यातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. सिलिंडरवर कोमट पाणी ओता. उकळतं नाही, आणि पेटती काडी तर जवळपासही नको.

नळाची धार रात्री बारीक चालू ठेवा. गोठलाच तर नळ उघडा ठेवून गरम पाण्यात पिळलेली फडकी नळाच्या तोंडाकडून मागे गुंडाळत जा. मधूनच तापवलं तर वितळलेल्या पाण्याला वाट मिळत नाही आणि पाइप फुटू शकतो. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर भांड्यात आधी वाटीभर पाणी घाला, नाहीतर भांडं कोरडं तापून करपतं आणि पाण्याला तोच वास लागतो. वितळल्यावर उकळून मगच प्या.

दारूने ऊब येते म्हणतात. येते ती फक्त कातडीला, कारण रक्त तिकडे धावतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. चहा घ्या.

आभाळ निवळून लख्ख ऊन पडलं की सगळे फोटो काढायला धावतात. खरी घाई तिथे नडते. उतरत्या पत्र्यावरचा बर्फ एकदम घसरतो, म्हणून वळचणीखाली उभं राहू नका, मुलांना तर मुळीच नाही. काळा चष्मा घाला, बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे भाजतात. उतारावरचा ओला बर्फ दुपारी सुटून खाली येऊ शकतो, त्यामुळे नाल्याच्या तोंडाशी रेंगाळू नका.

गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. इंजिन चालू ठेवून आत बसायचं असेल तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी उकरून काढा. रस्ता उघडल्यावर पहाटे त्यावर काचेसारखा थर असतो, आणि दुपारी वरून दरड किंवा बर्फ येण्याची भीती. मधली वेळ कुठली ते तिथल्या चालकाला ठरवू द्या. परतीचं विमान चुकतंय म्हणून त्याच्या मागे लागू नका.