डोक्याची त्वचा नाजूक आहे? मग या चुका टाळा

डोकं खाजतं, चुणचुणतं, शाम्पू लावला की आग होते, अशी तक्रार घेऊन पार्लरमध्ये येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, सगळं करून बघितलं." मी विचारते, काय काय केलं? यादी ऐकता ऐकताच कारण सापडत जातं. महिन्याभरात तीन शाम्पू, मध्येच लिंबू, त्यावर कुणीतरी सुचवलेलं तेल आणि धुवायला कडकडीत पाणी. चेहऱ्याला जे लावायला तुम्ही धजावणार नाही, ते केसांआड झाकलं जातंय म्हणून डोक्यावर ओतू नका. तीही त्वचाच आहे.

सर्वात आधी हेअर डायबद्दल बोलते, कारण या चुकीने माणूस थेट दवाखान्यात पोचतो. चाचणी न करता रंग लावणं. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, ४८ तास आधी थोडासा रंग लावून बघा. तरी कुणी बघत नाही.

ओळखीच्या एक बाई समारंभाच्या आदल्या दिवशी रंग लावायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, मागच्या वेळी कानामागे जरा खाज सुटली होती, पण आपोआप गेली. मी तिथेच थांबले. चाचणीशिवाय रंग लावणार नाही, असं सांगितलं. त्या चिडल्या. "इतकी वर्षं लावतेय, कधी काही झालं नाही." घरी गेल्या आणि 'अमोनियाविरहित' लिहिलेला काळा रंग स्वतःच लावला. समारंभाच्या संध्याकाळी कपाळ जड झालं. त्यानंतरच्या सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात, आणि केसांच्या कडेने पाणी झिरपत होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, तेव्हा सूज उतरली.

यात समजून घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. एक, अ‍ॅलर्जी अमोनियाची नव्हती. गडद रंगांत बहुधा पॅराफिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, नाहीतर त्याचाच जवळचा एखादा घटक असतो. अमोनिया काढला तरी तो आत राहतोच. दोन, 'इतकी वर्षं काही झालं नाही' याला अर्थ नाही. अशी अ‍ॅलर्जी वारंवार लावल्यानेच तयार होते, आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. कानामागची ती खाज ही सूचना होती. माझ्याकडे नियम सरळ आहे: कोपराच्या आतल्या बाजूला नखाएवढा रंग, दोन दिवस वाट, आणि हे प्रत्येक वेळी, ओळखीच्या ब्रँडलासुद्धा. आधी कधी सूज किंवा फोड आले असतील, तर घरी चाचणीही करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरी चूक कोंड्यावर तेल चोपडण्याची. पांढरे कण दिसले की 'त्वचा कोरडी पडली' असं गृहीत धरलं जातं. कोरडेपणाचे कण बारीक आणि सुटे असतात. कोंडा बहुधा तेलकट, पिवळसर आणि चिकटून बसणारा असतो. त्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तिचं पोषण त्वचेतल्या तेलावर होतं. त्या तेलातून ती जी आम्लं मोकळी करते, त्यांनी संवेदनशील त्वचेचा दाह होतो. वरून तेल लावलं की कण चिकटून बसतात, दिसत नाहीत, आणि गुण आला असं वाटतं. पुढच्या धुण्यानंतर खाज परत येते. तेल लावायचंच असेल तर केसांच्या टोकांना लावा, मुळांना नको.

लिंबू आणि खाण्याचा सोडा दोन्ही बंद. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ असतो. लिंबाचा रस २ च्या आसपास, सोडा ८ च्या वर. खाजवून ओरखडे पडलेल्या जागी यातलं काहीही लावलं तर आग होणारच, आणि ती आग म्हणजे 'औषध लागू पडतंय' ही समजूत साफ चुकीची आहे.

कोंड्याचा औषधी शाम्पू लावून लगेच धुणं ही उतावळेपणाची चूक. २ टक्के किटोकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध, असलेला शाम्पू तीन ते पाच मिनिटं त्वचेवर राहायला हवा, आणि आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे. मी भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी लावते आणि घड्याळ बघते. पहिल्या दोन धुण्यांत फरक नाही म्हणून बाटली बदलणाऱ्यांना कोणताच शाम्पू बरं करू शकत नाही.

नखांनी खाजवू नका. पाणी कोमट घ्या. ओले केस आवळून बांधू नका. आणि नवीन वस्तू एका वेळी एकच आणा, नाहीतर त्रास कशाने झाला हे कधीच कळणार नाही. 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, सुगंधी तेलांचीही अ‍ॅलर्जी होते.

दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड लोशन तर हातात घेऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशीचा संसर्ग असेल तर तो आतल्या आत पसरतो.

पू, गोल चकत्यांनी गळणारे केस, कपाळापर्यंत येणारे जाड चंदेरी पापुद्रे, यांपैकी काही दिसलं तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना डोक्याला तेल लावू नका, त्याने खरी स्थिती झाकली जाते. आणि सध्या वापरात असलेल्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत न्या. त्यातल्या घटकांची यादी डॉक्टरांना लागते.